पैसा वसूल? विसरा, बॉस!

कडेवर बाळ, खांद्यावर डायपरची बॅग आणि समोर थीम पार्कचं गेट. वीकेण्डच्या या नव्या अ‍ॅडव्हेंचरचे नियम जरा वेगळे आहेत...

थीम पार्क म्हटलं की आपल्या पिढीला आठवते शाळेची ट्रिप. गोराईची बोट, एस्सेलवर्ल्डचं गेट, एकाच राइडवर चार-चार वेळा बसायच्या पैजा आणि परतीच्या बसमध्ये एकमेकांच्या खांद्यावर झोपलेला अख्खा वर्ग. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. त्याआधीच, २०१३ मध्ये, खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं होतं आणि कॉलेज ग्रुपचे प्लॅन्स तिकडे वळले होते. जागा बदलली, फंडा तोच राहिला. गेट उघडताना आत शिरायचं आणि बंद व्हायची अनाउन्समेंट होईपर्यंत हिंडायचं. तिकिटाचा एकेक रुपया वसूल!

मग घरात बाळ येतं आणि हा फंडा पार झोपतो. बाळ झोपत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझी लेक सव्वा वर्षाची आहे. आम्ही सानपाड्याला राहतो. नवरा ऐरोलीच्या आयटी कंपनीत. त्याला सुट्टी शनिवार-रविवार, त्यातला शनिवार बऱ्याचदा क्लायंटच्या कॉलने खाल्लेला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. प्रायव्हेट कंपनीतल्या बाबांसाठी मात्र असा सरसकट कायदा नाही. आणि माझ्यासारख्या फ्रीलान्सरला विचाराल, तर आमची रजा म्हणजे इन्कम बंद! त्यामुळे आम्ही तिघं एकत्र, जागे आणि लॅपटॉपशिवाय असतो ते फक्त रविवारी. नवी मुंबईतल्या कितीतरी घरांची हीच स्टोरी आहे. वन बीएचके, दोघांच्या नोकऱ्या, आणि आजी-आजोबा साताऱ्याला नाहीतर जळगावला.

अशा रविवारी बाहेर पडायचं म्हटलं की फोनवरून पहिला बॉम्ब आईचा. ‘अगं, एवढ्याशा पोरीला काय कळणार आहे त्यातलं? उगाच आजारी पाडाल.’

आईचा पॉइंट चुकीचा नाही. साधारण तिसऱ्या वर्षाच्या आधीचं आपल्यापैकी फारसं कुणालाच आठवत नाही. लेकीला हा दिवस आठवणार नाही, हे नक्की. मग ही ट्रिप कुणासाठी? आपल्यासाठी! हे एकदा मनाशी मान्य केलं की अर्धं टेन्शन गुल. ‘बाळाला मजा आली पाहिजे’ हे ओझंही मग त्या चिमुकल्या डोक्यावर राहत नाही.

ताजमहालाकडे पाठ

आमचा पहिला मुक्काम घराजवळचाच, नेरूळचं वंडर्स पार्क. नवी मुंबई महापालिकेचं हे पार्क २०१२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, आणि मोठ्या डागडुजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. ७ जुलै २००७ रोजी लिस्बनमध्ये जगातली नवी सात आश्चर्यं जाहीर झाली होती. त्या सातांच्या प्रतिकृती इथे आहेत. ताजमहाल, चीनची भिंत, रोमचं कलोझियम, जॉर्डनचं पेट्रा, मेक्सिकोचं चिचेन इट्झा, पेरूचं माचू पिचू आणि रिओचा येशू. खरं माचू पिचू समुद्रसपाटीपासून २,४३० मीटरवर आहे. कडेवर बाळ घेऊन तिथे कोण चढणार? इथे नेरूळ स्टेशनवरून रिक्षा केली की झालं.

सात आश्चर्यं बघून लेकीने काय केलं? ताजमहालाकडे चक्क पाठ केली. तिला सापडला उतार. पेव्हर ब्लॉकचा साधा, दोन पावलांचा उतार. ती वर जायची, खाली यायची, टाळ्या वाजवायची. वीस मिनिटं हेच! मग एक कावळा. मग दुसऱ्या एका बाळाचं पाण्याचं झाकण, ज्यावरून थोडी मारामारी. मग टॉय ट्रेन आली आणि तिने अख्ख्या गाडीला टाटा केलं. डब्यातल्या अनोळखी लोकांनीही हात हलवले. आमच्या लेखी तेच आठवं आश्चर्य.

पाऊण तासात मॅडम डोळे चोळायला लागल्या. कलोझियम अजून बाकी होतं. नवरा म्हणाला, ‘निघूया?’ मी म्हटलं, ‘निघूया.’ विषय संपला. एन्ट्रीचं तिकीट मॉलमधल्या कॉफीपेक्षा स्वस्त होतं, त्यामुळे जीव अडकला नाही.

आणि इथेच या ट्रिपचा खरा फंडा कळतो. पैसा वसूल करण्याची सवय हीच बाळासोबतच्या आउटिंगची सगळ्यात मोठी व्हिलन! महाग तिकीट काढलं की आपण थकलेल्या पोराला ओढत ‘अजून एक राइड’ करत बसतो. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची डुलकी धरून. ती बुडाली की संध्याकाळी जो तमाशा होतो, त्याला कुठलाही रिफंड नसतो. म्हणून पहिल्या काही वेळा पार्क निवडताना आत काय-काय आहे हे बघू नका. तिथून अर्ध्या तासात हसत निघता येईल का, ते बघा.

बॅग कुणाकडे?

मग मोठ्या पार्कांवर फुली मारायची का? अजिबात नाही! फक्त गणित बदला. तिकडे लहानांचं राज्य उंचीवर चालतं. तिकीटही उंचीवर आणि राइडही उंचीवर. सव्वा वर्षाच्या बाळाला मोठ्या राइड्स बंद, त्यामुळे प्रत्येक राइडला एक मोठा माणूस खाली थांबणार. प्रश्न एवढाच, की तो कोण?

पुढच्या वेळी कुठल्याही मोठ्या पार्कात गेलात तर राइडजवळच्या बाकांकडे बघा. चार पर्स, तीन बाटल्या, एक झोपलेलं पोर आणि त्या सगळ्यांना सांभाळणारी एक बाई. तिचंही तिकीट फुल असतं! ‘मला नाही आवडत ग बाई ते गरगर,’ असं ती म्हणते. खरंच आवडत नसेल तर ठीक. पण तिला शेवटचं कधी विचारलं होतं?

परदेशात डिझनीच्या पार्कांमध्ये यासाठी ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे. आई राइडवर जाते, बाबा बाळाजवळ थांबतो, आणि आई आली की बाबाला पुन्हा मोठी रांग लावावी लागत नाही. आपण जिथे जाऊ तिथे अशी सोय आहे का, हे गेटवरच विचारायचं. नसेल तर घरगुती स्विच करायचा. एक राइड तुझी, एक माझी. हिशोब चोख!

आम्ही इमॅजिकाला गेलो तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला पटवलं. बाळामागे तीन मोठी माणसं, हा नियम सोन्यासारखा आहे. दोघांना राइडवर एकत्र जाता येतं आणि मावशी-भाचीचं गूळपीठही जमतं. ‘ताई, तू जा ग, मी आहे ना,’ ती म्हणाली. आणि मी नायट्रोवर बसले. पायाखाली फ्लोअर नसलेली रोलर कोस्टर. गरोदरपणाचे नऊ महिने, नंतरचे पंधरा, म्हणजे तब्बल दोन वर्षांनी माझं शरीर फक्त माझं होतं. गळा मोकळा करून किंचाळले. आणि माझ्या आवाजाने कुणीही दचकून उठलं नाही! उतरले तेव्हा नवऱ्याने केसांकडे बघून विचारलं, ‘अजून एकदा?’ त्या एका प्रश्नासाठी त्याला पुढचे दोन डायपर माफ.

हिरकणीचं ऐका

एक महत्त्वाचं. पार्कात शिरल्यावर पहिली चौकशी राइडची नको, फीडिंग रूमची करा. रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. एसटी स्टॅण्डवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव त्यावरूनच मिळालंय. आजच्या हिरकणीने कडे उतरू नयेत. तिला एक स्वच्छ खोली, एक खुर्ची आणि एक पंखा मिळाला पाहिजे. खोली कुठे आहे, हे प्रत्येक आईने काउंटरवर विचारलंच पाहिजे. आणि आईच का? बाबाने विचारलं तर आणखी उत्तम!

बाकी तयारी साधीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, एरवी दुपार टाळा. टोपी, पाणी, एक जादा ड्रेस बाळाचा आणि एक जादा टी-शर्ट तुमचासुद्धा (विश्वास ठेवा!). गर्दीत स्ट्रोलरपेक्षा कॅरिअर बरा. कर्कश स्पीकरपासून लांब बसा. बाळाची जेवणाची वेळ पाळा, तुमची पुढे-मागे झाली तरी चालेल. निघण्यापूर्वी पार्कची वेळ आणि सुट्टीचा वार बघून घ्या.

आणि हो, जमलं तर गाडी एक्झिटच्या जवळ लावा. यायची वेळ तुम्ही ठरवलीत, निघायची तुमचं पिल्लूच ठरवणार आहे.