गळ्याखालची ग्रंथी आणि एक आयुष्य

मानवी गर्भ जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो तेव्हा थायरॉइड ग्रंथीचा पहिला अंकुर त्याच्या जिभेच्या मुळाशी उमटतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो गळ्याच्या मध्यरेषेतून उतरत उतरत स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेच्या पुढ्यात येऊन स्थिरावतो. ज्या वाटेने ती उतरली ती वाट पूर्ण मिटली नाही, तर काही मुलांच्या गळ्यात मधोमध द्रवाने भरलेला गोळा तयार होतो आणि मुलाने जीभ बाहेर काढली की तो वर सरकतो. पूर्ण वाढलेली ग्रंथी साधारण 20 ग्रॅम वजनाची, दोन पाळ्यांची आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद पट्टीची असते. ती निरोगी असेपर्यंत बाहेरून दिसत नाही. किंबहुना अशी काही ग्रंथी आपल्या गळ्यात आहे याची जाणीवही बहुतेकांना नसते. मात्र शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीने कोणत्या वेगाने काम करावे, हृदयाचे ठोके किती पडावेत, आतडी किती हलावीत, अंगात ऊब किती राहावी, हे तिच्या स्रावावर, म्हणजे संप्रेरकावर, अवलंबून असते.

गर्भाची ग्रंथी संप्रेरक तयार करू लागते ती दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास, आणि ते पुरेसे होईपर्यंत गरोदरपण निम्म्यावर येते. तोवर बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे तिच्या ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकावर, चाललेली असते. एखाद्या माणसाच्या थायरॉइडची हकिकत अशा रीतीने त्याच्या आईच्या गळ्यात सुरू होते. म्हणूनच ज्या स्त्रीची थायरॉइड आधीपासून मंदावलेली आहे तिच्या थायरॉक्सिनच्या गोळीची मात्रा गरोदरपण कळताच वाढवावी लागते, बहुधा पाव ते दीड पाव भागाने, आणि हे काम पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत लांबवण्यासारखे नसते. जन्मतःच ग्रंथी नसलेले किंवा अपुरी असलेले बाळ पहिल्या दिवसांत इतर बाळांसारखेच दिसते, कारण आईकडून आलेले संप्रेरक अजून त्याच्या रक्तात असते. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखण्याची पद्धत कॅनडातील क्वेबेक प्रांतात जाँ दुसो यांनी 1970च्या दशकात रूढ केली. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांप्रमाणे वाढते, आणि काही महिने उशीर झाला तर बुद्धीची हानी पुन्हा भरून येत नाही. भारतात प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी अजून होत नाही, ही गोष्ट ज्याला उपचाराचा हा स्वस्त आणि सोपा मार्ग ठाऊक आहे त्याला सलल्यावाचून राहणार नाही.

थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, आणि आयोडीन शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नपाण्यातून यावे लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज केवळ 150 मायक्रोग्रॅम, पण पाऊस, पूर आणि वितळणारे बर्फ ज्या डोंगराळ मातीतून शतकानुशतके आयोडीन धुऊन नेतात तिथे एवढेही मिळत नाही. रक्तातील थायरॉक्सिन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे उत्तेजक संप्रेरक वाढवते. त्याच्या सततच्या तगाद्याने थायरॉइडच्या पेशी वाढतात, ग्रंथी फुगते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. या विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आहे, आणि तिथे गलगंड आणि अपची, म्हणजे मराठीत ज्याला गंडमाळा म्हणतात तो गाठींच्या माळेचा विकार, हे वेगळे धरलेले आहेत, याची दखल घ्यायला हवी. कारण गळ्यातील क्षयाच्या गाठी आणि थायरॉइडची सूज यांची गल्लत आजही घरोघरी होते.

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली सुरू केलेला प्रयोग या संदर्भात विसरता येण्यासारखा नाही. खोऱ्याचे विभाग पाडून काही विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका विभागाला साधे मीठ पुरवले गेले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या गावांतील मुलांचे गलगंड ठळकपणे कमी झाले, आणि 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पुढे 1992 मध्ये त्याच्या नावातून गलगंड जाऊन ‘आयोडीन न्यूनता विकार’ आले, कारण गळ्यावर दिसणाऱ्या सुजेपेक्षा मुलांच्या बुद्धीची आणि वाढीची न दिसणारी हानी कितीतरी मोठी आहे हे तोवर स्पष्ट झाले होते. समुद्रकाठ यातून सुटलेला आहे हा समजही खरा नाही. गुजरातमधील भरूच आणि केरळमधील एर्नाकुलम या जिल्ह्यांतही गलगंड आढळला आहे. मिठागरात समुद्राच्या पाण्यापासून तयार होणाऱ्या खडे मिठात नैसर्गिक आयोडीन नगण्य असते, त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून हौसेने आणलेले महागडे मीठ गरोदर स्त्रीच्या ताटात एकमेव मीठ म्हणून असणे हिताचे नाही.

आयोडीन मिळत असूनही ज्यांची ग्रंथी मंदावते त्यांच्या बाबतीत कारण बहुधा निराळे असते. जपानमधील फुकुओका येथे काम करणारे शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी 1912 साली चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींची दाटी होती. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीला परके समजून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे हल्ला करणारी प्रथिने, तयार करते, हा उलगडा व्हायला 1956 साल उजाडले. या हल्ल्याने ग्रंथीला येणारी सूज दुखत नाही आणि सावकाश वाढते; ब्लाउजचा गळा घट्ट होतो, मंगळसूत्र जिथे पडायचे तिथे पडत नाही, कुणीतरी फोटो पाहून विचारते. डॉक्टर अशा वेळी रुग्णाला पाण्याचा घोट घ्यायला सांगतात, कारण थायरॉइड स्वरयंत्राशी बांधलेली असल्याने गिळताना तिची सूज वर सरकते आणि इतर बहुतेक गाठी सरकत नाहीत. मग रक्तातील टीएसएच, सोनोग्राफी आणि गाठ असल्यास तिची लक्षणे पाहून सुईने काढलेल्या पेशींची तपासणी असा क्रम येतो. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही आवाज घोगरा होणे, गिळायला त्रास होणे, गाठ झपाट्याने वाढणे यांकडे ‘दुखत नाही ना’ म्हणून पाठ फिरवणे योग्य नव्हे.

सूज निदान दिसते तरी. मंदावलेल्या ग्रंथीचे खरे अवघडपण असे की ती वयाच्या प्रत्येक टप्प्यावर त्या वयाला साजेसे रूप घेते आणि आजार म्हणून ओळखलीच जात नाही. उंची खुंटलेल्या शाळकरी मुलीला ‘घराण्यातच ठेंगणेपण आहे’ असे म्हटले जाते. पाळी अनियमित झालेल्या, वजन वाढलेल्या तरुणीला आळशी ठरवले जाते. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काही स्त्रियांची ग्रंथी आधी अतिरेकी काम करून मग थकते, आणि तो थकवा जागरणांच्या खाती जमा होतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचे केस गळणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे आणि उदास वाटणे हे सारे ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले जाते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो, आणि स्त्रीच्या थकव्याला स्वभाव किंवा वय हे कारण चटकन पुरवण्याची जी सवय समाजाला आहे, तिने या आजाराचे निदान जितके लांबवले आहे तितके प्रयोगशाळेच्या अभावाने लांबवले असेल असे वाटत नाही. लग्न ठरताना मुलीची गोळी लपवली जाते, सासरी ती चोरून घेतली जाते किंवा सुटते. ज्या काळात तिला आणि होणाऱ्या बाळाला त्या गोळीची गरज सर्वाधिक असते नेमक्या त्याच काळात असे घडते, हे फार वाईट आहे.

उपचाराचा इतिहास मात्र उमेद देणारा आहे. जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरांनी 1891 साली मेंढीच्या थायरॉइडचा अर्क 46 वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. सुजलेली, मंदावलेली ती स्त्री पुन्हा हिंडूफिरू लागली आणि पुढे 28 वर्षे जगली. एडवर्ड केंडल यांनी 1914 मध्ये थायरॉक्सिन वेगळे काढले, 1927 मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले, आणि आज तेच द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये मोजलेल्या छोट्याशा गोळीत मिळते. ही गोळी म्हणजे रोगाला मारणारे औषध नसून शरीराला कमी पडणाऱ्या वस्तूची भरपाई आहे, एवढे नीट समजले तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती बंद करण्याचा मोह होणार नाही. रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळे. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर आणि चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, आणि ज्या घरात दिवसाची सुरुवातच चहाने होते तिथे हा अर्धा तास वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्या लागतात, अन्यथा थायरॉक्सिन आतड्यातच अडकून राहते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून मगच टीएसएच पाहावे, कारण पीयूषिकेला नव्या पातळीशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. दर पंधरा दिवसांनी तपासणी करून घाबरण्यात काही अर्थ नाही.

उतारवयात हिशेब पुन्हा बदलतो. वयाबरोबर टीएसएच थोडे चढणे स्वाभाविक असल्याने सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आकडा तरुणाच्या मापाने मोजून गोळी वाढवत नेली, तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. म्हणून या वयात औषध थोड्या मात्रेने सुरू करतात आणि सावकाश वाढवतात. विसरभोळेपणा हे या आजाराचेही लक्षण आहे आणि वयाचेही, त्यामुळे सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही अशी वेळ येतेच. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात, तेव्हा एखाद्या दिवशी चुकलेल्या गोळीने काही बिघडत नाही. वारांचे कप्पे असलेली डबी घरात आणावी आणि त्या डबीकडे लक्ष ठेवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आपणहून अंगावर घ्यावे.