पहाटेची पंचवीस नंबर

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. मॅनर पार्क, पूर्व लंडन

घर मिळालं. म्हणजे खोली मिळाली. घरात आणखी पाच जण आहेत आणि फ्रिजमधला एक कप्पा माझा. एजंट पहिल्याच फोनवर विचारायचे, इथं स्वतःचं घर असलेला गॅरंटर आहे का? नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. तेवढं आगाऊ भरू शकणारी मुलगी मॅनर पार्कला खोली कशाला बघेल? शेवटी केरळच्या एका नर्सताईंनी घरमालकाकडे शब्द टाकला. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, असा इथं २०१९ पासून कायदा आहे. मालकांनी पाच आठवड्यांचंच घेतलं, एक दिवस कमी नाही.

व्हिसासाठी लंडनचा राहण्याचा खर्च महिना १,३३४ पौंड धरला होता. नऊ महिन्यांचे १२,००६ पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवायचे. बँकेचं कर्ज फीलाच पुरलं. हे पैसे पप्पांनी सुताच्या उधारीतून कसे बाजूला काढले, ते त्यांनी मला नीट सांगितलेलं नाही. इचलकरंजीत माग बंद असल्याच्या बातम्या मी इथून मोबाईलवर वाचते आणि फोनवर विचारत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

पहिला तास. शहर नियोजनाचा अभ्यासक्रम, वर्ग ब्लूम्सबरीत. वर्गात चीनमधले सर्वांत जास्त, मग आपले, नायजेरियाचे दोघे, चिली, लेबनॉन, ग्रीस एकेक. स्वागताच्या भाषणात आमच्या देशांची यादी वाचून दाखवली, टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. दुपारी कॉफी पिताना एकेकाचं कळत गेलं: कुणाचे वडील बिल्डर, कुणाची आई सर्जन, कुणी मंत्रालयात. परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त आहे, ती भरणारी घरं कुठल्याही देशात साधारण सारखीच दिसत असावीत. माझ्यासारखे कर्जवाले चारपाच असू. आम्ही एकमेकांना डब्यावरून ओळखलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

रात्री दोन वाजता इथली घड्याळं एक तास मागे गेली. कालपर्यंत घर साडेचार तास पुढे होतं, आजपासून साडेपाच. आईला सांगितलं तर म्हणाली, "सरकारनं सांगितलं म्हणून घड्याळ मागं घ्यायचं? आणि कोंबडं?"

दुपारी चारच्या पुढे अंधारायला लागतं. याची सवय होईल, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी कुणालाच झालेली दिसत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

काम मिळालं. ऑल्डगेटजवळ सँडविच बनवण्याचं स्वयंपाकघर, तिथून माल सिटीतल्या ऑफिसांच्या कॅफेंना जातो. पहाटे साडेपाच ते साडेनऊ, आठवड्याला पाच दिवस. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, आणि आठवडा सोमवार ते रविवार असाच मोजायचा. तासाला ११ पौंड ४४ पेन्स, म्हणजे कायद्यानं ठरलेलं किमान वेतन, पेनीही वर नाही.

त्या वेळी ट्यूब सुरू झालेली नसते. साडेचारला रॉमफर्ड रोडवरून पंचवीस नंबरची बस. भाडं पावणेदोन पौंड. मला वाटलं होतं, रिकामी असेल. बसायला जागा नव्हती.

कोण कोण होतं? घानाच्या, नायजेरियाच्या बायका, डोक्याला रुमाल, मांडीवर पिशवी, डोळे मिटलेले. सिल्हेटी काका. रुमेनियाचे बांधकामवाले, बुटांना वाळलेलं सिमेंट. स्ट्रॅटफर्डला आणखी चढले, बो, माइल एंड, व्हाइटचॅपल. कुणी बोलत नाही. कुणी मोबाईलही बघत नाही, झोप पुरी करतात. व्हाइटचॅपलच्या स्टेशनावर २०२२ पासून बंगाली अक्षरांत नाव आहे, त्याचे फोटो काढायला दिवसा लोक येतात. पहाटे त्या पाटीखालून जी माणसं लगबगीनं जातात त्यांना वर बघायला वेळ नसतो.

साडेनऊला सुटून ऑल्डगेट ईस्टवरून थेट युस्टन स्क्वेअर, दहाचा तास. पायऱ्यांवर फरशी पुसल्याचा वास होता. पुसणारं कुणी नव्हतं. आज मला ती वेळ कळली: आम्ही दहाला येतो, ते त्याआधी गेलेले असतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

महाराष्ट्राचे निकाल. बुधवारी मतदान होतं. मतदारयादीत माझं नाव इचलकरंजीत आहे, पण मत द्यायचं तर प्रत्यक्ष केंद्रावर उभं राहावं लागतं. लंडनहून काही सोय नाही. गंमत म्हणजे याच आठवड्यात न्यूहॅम कौन्सिलचं पत्र आलंय: मतदार म्हणून नाव नोंदवा. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक असल्यामुळे मला इथं खासदार निवडायचा हक्क आहे! ज्या देशात वर्षभराची पाहुणी, तिथं मत आहे. जिथं घर आहे तिथं पोहोचता येत नाही. नाव नोंदवलं. इथली सार्वत्रिक निवडणूक जुलैतच झाली, पुढची होईल तोवर मी कुठे असेन कोण जाणे.

स्वयंपाकघरातल्या कोलंबियाच्या मावशींना हे सांगितलं. त्या वीस वर्षं इथं आहेत, अजून खासदारकीला मत नाही. कोलंबिया राष्ट्रकुलात नाही ना. त्यांनी खांदे उडवले आणि काकडी माझ्याकडे सरकवली.

८ डिसेंबर, रविवार

चॉक फार्मला उतरून किंग हेन्रीज रोड, १० नंबर. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घर घेतलं. पुढे इथल्या कौन्सिलनं संग्रहालयाला परवानगी नाकारली, शेजाऱ्यांची तक्रार होती की माणसांची वर्दळ वाढते. २०२० मध्ये वरच्या पातळीवरच्या निर्णयानं परवानगी मिळाली. त्या रस्त्यावरच्या आजच्या घरांच्या किमती बघता वर्दळ म्हणजे नक्की कुणाची, हे मला न सांगता कळलं.

माझ्याबरोबर नागपूरचं एक कुटुंब होतं, स्विंडनहून आलेलं. आजोबांनी उंबऱ्याला हात लावला. मला मात्र पैशांचा हिशेबच आठवत होता. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत जावं लागलेला माणूस. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये पुन्हा आला. डीएस्सीचा प्रबंध रुपयावर, १९२३ मध्ये पुस्तक झालं. फी, भाडं, कोळसा यांचे आकडे जुळवत रुपयाच्या भावावर लिहायचं म्हणजे विषय घरातूनच निघाला की काय, असं उगाच मनात आलं. हे कुठे वाचलेलं नाही, माझंच.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

सेमिनार. स्टीव्हन व्हर्टोव्हेक यांचा २००७ चा निबंध, ब्रिटनवरचा, उदाहरणं बरीचशी लंडनची. सांगणं असं की माणसं कुठल्या देशातून आली एवढंच मोजून भागत नाही. व्हिसाचा दर्जा, वय, बाई की पुरुष, कोणत्या कामात शिरता येतं, सगळं एकत्र बघा. मला पटलं. पण चर्चा लगेच खाण्यावर गेली. कुणी ब्रिक लेनच्या मशिदीचं सांगितलं: १७४३ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च, मग मेथडिस्टांचं, मग ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. इमारत खरंच विलक्षण आहे. पण सगळे तिच्यावर इतके खूश झाले की त्या गल्लीतून पहाटे कोण कामाला जातं हे विचारायचं राहिलंच.

मी बोलले. म्हटलं, यात आणखी एक गोष्ट मोजा, घराबाहेर पडायची वेळ. पहाटे पाचचं लंडन आणि सकाळी दहाचं लंडन, दोन्हींत सगळ्या जगातली माणसं आहेत, पण तीच माणसं नाहीत. एकाच खुर्चीपाशी येतात, एक पुसायला, एक वाचायला. सर म्हणाले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या सफाई कामगारांचं वाचा. वाचलं. ते कंत्राटदाराकडे होते, संप केले आणि २०१७ मध्ये संस्थेनं त्यांना थेट नोकरीत घ्यायचं कबूल केलं: रजा, आजारपणाचा पगार, पेन्शन इतर कर्मचाऱ्यांसारखं. त्यांत लॅटिन अमेरिकेतले पुष्कळ होते. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "माझी वहिनी होती त्यात." आणि मी हे ग्रंथालयात शोधत बसले होते.

४ मार्च, मंगळवार

रमजान. साडेचारच्या बसस्टॉपवर सिल्हेटी काका उभ्या उभ्या खजूर आणि केळं संपवतात, पाचच्या आत तोंड बंद. आज मलाही खजूर दिला. स्वयंपाकघरात मावशींचा कार्निव्हल, घानावाल्या बाईंचा उद्याचा ॲश वेनस्डे आणि माझी उरलेली तिळाची वडी, सगळं डब्याच्या फळीवर शेजारी शेजारी. सुपरवायझरनं फळी रिकामी करायला सांगितली. आरोग्य खात्याची तपासणी होती.

१ एप्रिल, मंगळवार

किमान वेतन आजपासून १२ पौंड २१ पेन्स. माझी पाळी अर्ध्या तासानं कमी झाली. वाढ आणि कपात एकाच कागदावर छापली होती.

९ मे, शुक्रवार

प्रबंधाचा विषय मंजूर: पहाटेच्या बसमार्गांवरचे कामगार आणि शहराचं वाहतूक नियोजन. मॅडमना आवडला, पण नैतिकता समितीचा फॉर्म सोळा पानांचा. मुलाखत देणाऱ्याला माहितीपत्रक कोणत्या भाषेत देणार? स्पॅनिश, पोर्तुगीज, बंगाली, रुमेनियन, ट्वी लिहिलं. मुलाखत कुठे घेणार? 'शांत, खाजगी जागी' असं छापलेलंच होतं. पाच वाजता पंचवीस नंबरमध्ये शांतता असते, पण खाजगी नाही.

वेळेचा मोबदला म्हणून प्रत्येकाला दहा पौंडांचं व्हाउचर द्यायला विभागानं परवानगी दिली. रोख नाही, नियमात बसत नाही. मावशींना विचारलं, तासभर बोलाल का? त्या ब्रेडच्या थप्प्या मोजत होत्या. सगळा फॉर्म ऐकून घेतला, सही कुठे करायची विचारलं, मग म्हणाल्या, "तासाला बारा एकवीस आहे. आणि व्हाउचर कुठल्या दुकानाचं?"