अर्ध्या गुणाचा हिशेब

एम.एस्सी. झालो म्हणजे बारावीचे पेपर तपासता येतातच, अशा समजुतीत मी प्रिलिमचा गठ्ठा उघडला. पेपर बोर्डाच्याच धर्तीचा: 70 गुण, तीन तास, कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल चालेल. दोन गुणांचं एक गणित यंगच्या डबल स्लिट प्रयोगावर होतं. दोन बारीक फटींतून प्रकाश सोडला की पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, ते प्रकरण. तरंगलांबी 6000 अँगस्ट्रॉम, फटींमधलं अंतर 0.5 मिलिमीटर, पडदा 1 मीटरवर. पट्ट्याची रुंदी काढा. उत्तर 1.2 मिलिमीटर. ते आलं त्याला दोन, बाकीच्यांना भोपळा. काम झपाट्याने उरकत होतं. शेजारच्या मॅडमनी एक पेपर उचलला, चाळला आणि विचारलं, “सर, तुम्ही ओएमआर मशीन आहात का?”

मग शिकवणी झाली. सूत्राला अर्धा, किमती घालण्याला अर्धा, आकडेमोडीला अर्धा, एककासह उत्तराला अर्धा. ही वाटणी तपासायला बसण्याआधीच मॉडेल आन्सरमध्ये लिहून ठेवायची असते. “पेपर कोणी काढला होता?” मॅडमनी विचारलं. मीच काढला होता.

गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून. एका मुलाचं उत्तर होतं 12 सेंटिमीटर. आधी मी त्यावर भलीमोठी फुली मारली होती. आता ओळ न ओळ वाचली. सूत्र बरोबर, तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर भागिले फटींमधलं अंतर. आकडेमोडही चोख. फक्त अँगस्ट्रॉमसाठी त्याने दहाचा उणे दहावा घात घ्यायच्या ऐवजी उणे आठवा घेतला होता. म्हणजे तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये आणि बाकी सगळं मीटरमध्ये! चूक कुठून आली ते सापडल्यावर मला तो मुलगा एकदम आवडायला लागला. किमतीचा अर्धा कापला, उरलेला दीड द्यायला निघालो.

“उत्तराचाही अर्धा कापा,” मॅडम म्हणाल्या.

मी वाद घातला. चूक एकदाच झाली, शिक्षा दोनदा का? आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्येसुद्धा आधीच्या उपप्रश्नातला चुकलेला आकडा पुढे नेला आणि पुढची रीत बरोबर असली, तर साधारणपणे पुन्हा गुण कापत नाहीत. तिथे गुणांवरून संघाचे मार्गदर्शक परीक्षकांसमोर बसून रीतसर भांडूही शकतात. 2015 साली हे ऑलिंपियाड मुंबईतच झालं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “बारा सेंटिमीटरचा पट्टा पाहून त्याला शंका यायला नको?” मला तरी कुठे आली होती! मी फुली मारली होती ती आकडा जुळला नाही म्हणून. त्याला एक गुण दिला.

दुसऱ्या दिवशी मी मशीनची बाजू घेऊन गेलो. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये चारही पर्याय बरोबर असताना तिनावर खूण केली तर 3 गुण मिळतात, म्हणजे अर्धवट ज्ञानाला तिथेही किंमत आहे. “आणि त्याच प्रकारच्या प्रश्नात एक चुकीचा पर्याय निवडला तर?” उणे 2. मी जागेवर बसलो.

पेपर वाटल्यावर वर्गातला सर्वांत हुशार मुलगा आला. त्याने नुसतंच ‘1.2 मिलिमीटर’ लिहिलं होतं आणि मी अर्धा दिला होता.

“सूत्र मनात होतं, सर.”

“मग नुसतं उत्तर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच दोन द्यावे लागतील.”

“द्या की. त्यांतल्या दोघांनी माझंच बघून लिहिलंय.”