दोव्हीलला तंबू ठोकताना

मे अखेरीस आई-बाबा पॅरिसला येतायत. बाबांना समुद्र बघायचाय. सां-लाझार स्टेशनातून गाडीने दोनेक तासांवर दोव्हील, म्हणून तेच ठरलं. पण गाव कसलं, तर १९१३ मध्ये कोको शनेलने दुकान थाटलं ते! घोड्यांच्या शर्यती, कॅसिनो, वाळूवर लाकडी फळ्यांचा लांबलचक रस्ता आणि कडेच्या कपडे बदलायच्या खोल्यांवर हॉलिवूडवाल्यांची नावं. हॉटेलांचे दर बघून मी एक्सेल शीट सरळ बंद केली.

मग हिने कॅम्पिंग सुचवलं. तूक नदीच्या एका काठाला दोव्हील, दुसऱ्या काठाला त्रूव्हील. आसपास तंबूसाठी जागा मिळतात. आणि त्या फळ्यांवरून फिरायला काही कॅसिनोत जावं लागत नाही :-)

खरा प्रश्न बाबांच्या गुडघ्यांचा. जमिनीवरून उठणार कसे? म्हणून दोन घडीच्या खाटा. रात्री गारठा असतो, म्हणून जाड पांघरुणं. ओहोटीला पाणी पार लांब जातं, म्हणजे वाळूतून तेवढी तंगडतोड आली. तेव्हा भरतीच्या वेळा आधी बघायच्या आणि फिरणं त्याप्रमाणे लावायचं.

काल फोनवर आईला सांगितलं.

"अरे, एवढ्या लांब येऊन तंबूत? शेजारी काय सांगू?"

मागून बाबा म्हणाले, "वारीत झोपतो की आपण."

"वारीत पाऊस असतो," आई म्हणाली. का कुणास ठाऊक, तिला वाटतं इकडे नसतो. मी गप्प बसलो आणि यादीत एक ताडपत्री वाढवली.