विसरलेला फ्लॅग

फीचर फ्लॅग म्हणजे कोडमधला एक साधा 'इफ'. चालू असेल तर नवं पान दाखव, बंद असेल तर जुनं. नवा कोड सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये पोचलेला असतो, पण दिसतो आधी ५ टक्के लोकांना, मग ५०, मग सगळ्यांना. बिघडलं तर पुन्हा डिप्लॉय न करता बंद करायचं. म्हणून मला तो फार आवडायचा.

पेमेंटचं नवं पान मी असंच आणलं. १०० टक्क्यांवर गेलं, सगळे खूश. फ्लॅग काढायचा तेवढा राहिला. आठ महिन्यांनी एका सहकाऱ्याने कॉन्फिग आवरताना ती ओळ पुसली. फ्लॅग सापडला नाही तर 'बंद' धरायचा, हे मीच लिहून ठेवलेलं. जुनं पान परत आलं, आणि त्याचा एपीआय तर केव्हाच बंद झालेला. तासभर कुणालाही पैसे भरता आले नाहीत. मीटिंगमध्ये बोलणी त्याने खाल्ली. मी गप्प बसलो.

पुढे नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीबद्दल वाचलं. १ ऑगस्ट २०१२ला त्यांनी जुनाच फ्लॅग नव्या कामाला लावला. आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहिला होता, तो जागा झाला. ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त गेले.

आता फ्लॅग लावतो त्याच दिवशी तो काढायचं तिकीटही माझ्याच नावावर टाकतो. आणि त्या सहकाऱ्याला, उशिरा का होईना, सगळ्यांसमोर सांगितलं: चूक तुझी नव्हती, माझी होती.