तीन मातींची एक वाइन

मंडळी, जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला नाही असं घर आपल्या बेळगाव-खानापूर भागात शोधून सापडायचं नाही. आज सांगतोय ती वाटणी मात्र फ्रान्समधली. शिक्षणासाठी बोर्डोला होतो, तेव्हा सेंत-एमिलियों गावाजवळच्या एका घरच्या द्राक्षमळ्यात मी एक हंगाम काम केलं. म्हातारे मालक, त्यांची मुलगी आणि दोन गडी, एवढाच कारभार. मालकांना तोंडावर 'मस्यू' म्हणायचो, मनात मात्र 'आज्जा'.

जमीन थोडकी, पण तीन तुकड्यांत, आणि तिन्हींची माती वेगळी. वरच्या पठारावर थोडीशी माती, खाली थेट चुनखडीचा दगड. याच दगडानं ते गाव बांधलंय. जुन्या खाणी अजून गावाच्या पोटात आहेत. हा दगड पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात वेलीला जरा जरा देतो. तिथं आपल्यासारखं ठिबक नसतं, म्हणून दगडाची ही किंमत. मधल्या उतारावर चुना मिसळलेली चिकणमाती, पायथ्याला वाळू आणि गोटे. चिकणमाती थंड, म्हणून तिथं लवकर पिकणारी मर्लो जास्त. नदीपलीकडं मेदोकमध्ये गारगोट्यांची जमीन. ती पाणी धरत नाही, उन्हानं तापते, म्हणून तिकडं उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों. वेली सगळ्या अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाऊन फ्रान्सचे मळे बसवले, त्यानंतरचा हा उपाय.

तोडणी हातानं. घड निवडायचे, देठ काढायचे आणि साल-बियांसकट रस सिमेंटच्या टाकीत. प्रत्येक तुकड्याची टाकी वेगळी. रस फसफसायला लागला की साली वर येऊन जाड थर धरतात. सकाळ-संध्याकाळ खालून रस काढून त्या थरावर ओतायचा. लाल रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. तीनेक आठवड्यांनी वाइन काढून घ्यायची आणि खाली उरलेला चोथा फावड्यानं उपसायचा. टाकीत उतरण्याआधी आज्जा मेणबत्ती खाली सोडून बघायचे. आपल्याकडं जुन्या विहिरीत कंदील सोडतात ना, तसंच. ज्योत विझली तर आत वायू आहे, उतरायचं नाही.

पुढं २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवण. दर तीनेक महिन्यांनी साका तळाशी ठेवून वरची वाइन दुसऱ्या पिंपात घ्यायची. काचेमागं मेणबत्ती धरून बघत राहायचं आणि गढूळ धार दिसली की लगेच थांबायचं. शेवटी एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक. तो बारीक गाळ ओढून तळाला नेतो.

पण खरी परीक्षा थंडीत, तिन्ही तुकड्यांची वाइन एकत्र करताना. वाळूतली वाइन सुवासिक, पण लवकर संपणारी. चिकणमातीची अंगानं भरलेली, पण एकटी जड. पठारावरची ताठ, तीच बाटलीला वर्षानुवर्षं टिकवते. तिन्ही मिळाल्या की त्या घरची वाइन.

आणि आज्जांना मुलं तीन! फ्रान्समध्ये १८०४ च्या नेपोलियनच्या कायद्यापासून मुलांना समान हिस्सा. तीन मुलं असली तर मालमत्तेचा तीन चतुर्थांश भाग त्यांच्यासाठी राखीवच, बापाला डावलता येत नाही. प्रत्येकाला एकेक तुकडा दिला असता तर न्याय झाला असता, पण वाइन कुणाकडंच उरली नसती. धाकट्या मुलाला पैसे हवे होते. पण तिथल्या जमिनीचा भाव एवढा, की बहिणीनं मळ्याच्या कमाईतून भावाचा हिस्सा घेणं शक्यच नाही. अशी घरं मग विमा कंपन्यांना, उद्योगपतींना विकली जातात.

त्यांनी शेवटी तिथल्या बऱ्याच घरांसारखी जमिनीची घरगुती कंपनी केली. तिघांना समान शेअर, मळा कसायला बहिणीकडं लांब मुदतीच्या करारानं, आणि भावांना दरवर्षी भाडं. धाकटा खूश नव्हता. सही करताना तो कुणाशी बोलला नाही. पण सही केली.

फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडं पण हेच हाय म्हण की!" मग जरा वेळ गप्प.

आमच्या आजोबांनी वाटणी अगदी न्यायानं केली होती. पाणथळ भाताचं शेत, मधली तांबडी जमीन, वरचा माळ, प्रत्येकातला तुकडा प्रत्येक मुलाला. उताऱ्यावर सगळं बरोबर, पण आता एकाही तुकड्यात बैलजोडी धड वळत नाही. आता बाबांनंतर आम्ही तिघं भावंडं. मी ताईला आणि दादाला एवढंच म्हटलंय, की मोजणीवाल्याला बोलवायच्या आधी, हे सगळं एकत्र राहिलं तर काय पिकेल ते आधी बघूया. दादा अजून हो म्हणालेला नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात तुकडे न करता सगळ्यांना हिस्सा दिला असेल, तर कसं जमवलंत ते खाली नक्की लिहा. ताई-दादाला वाचायला देणार आहे.