नाव कोणाचे?

आमच्या घरात एक जुनी कॅसेट आहे. तिची फीत ताणली गेली आहे, ती आता वाजत नाही. तरी टाकून देण्याचा धीर होत नाही, कारण तिच्यातली पेटी माझ्या वडिलांनी वाजवली आहे. वडील गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटली की ते गायन पार्टीत पेटीवर बसत. कॅसेट घरी आली तेव्हा आईने ती उलटसुलट करून पाहिली. गायकाचा फोटो होता, कवीचे नाव होते, कंपनीचे नाव तर दोनदा होते. पेटीवाल्याचे नाव कुठेच नव्हते.

वडील म्हणाले, "बिदागी मिळाली ना? मग झालं."

आई म्हणाली, "बिदागी महिन्यात संपेल. पोरांना पुढं काय दाखवाल?"

वडिलांनी उत्तर दिले नाही.

हे पुन्हा आठवले ते माझ्या मुलीमुळे. ती लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवते. एका रात्री तिने मोबाइलवर 2021 साली आलेला 'गेट बॅक' हा माहितीपट लावला. इंग्लंडचा 'बीटल्स' हा चौघांचा जगप्रसिद्ध बँड. त्याचे जानेवारी 1969 मधले चित्रण त्यात आहे. चौघांचे पटत नव्हते. जॉर्ज हॅरिसन तर एक दिवस सरळ उठून निघून गेला होता. तो परत आला, पण मने जुळेनात. अशा वेळी बावीस वर्षांचा एक काळा तरुण हसत हसत स्टुडिओत येतो, इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि बघता बघता चौघांचेही चेहरे खुलतात.

"पप्पा, हा बिली प्रेस्टन," मुलगी म्हणाली. "साथीला आलाय."

साथीला हा शब्द ऐकला आणि मी सावरून बसलो.

बिलीचा जन्म 1946 साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाला. तो वाढला लॉस एंजेलिसमध्ये. आई चर्चमध्ये वाजवायची, ते ऐकत पोराची बोटे वळली. शिकवणी कधी लागली नाही. दहाव्या वर्षी त्याने महेलिया जॅक्सन या थोर गायिकेला साथ केली. 1962 साली, सोळाव्या वर्षी, तो लिटल रिचर्डबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. तिथेच त्याची बीटल्सशी ओळख झाली. पुढे त्याने रे चार्ल्सला साथ केली, 'रोलिंग स्टोन्स'ला केली. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला मोठा कार्यक्रम झाला. तिथे पंडित रविशंकरांची सतार होती, आणि त्याच मंचावर बिलीही होता.

असे वाजवणाऱ्याला तिकडे सेशन वादक म्हणतात. तीन तासांचे एक सेशन, संघटनेने ठरवलेली मजुरी. वाजवा आणि घरी जा. गाणे लिहिणाऱ्याचे तसे नसते. अमेरिकेत 1909 च्या कायद्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे एका गाण्याला 2 सेंट ठरवले होते आणि 1978 पर्यंत तोच दर होता. त्यात प्रकाशकाचाही वाटा असे. दिसायला चिल्लरच. पण रेकॉर्ड खपते तोवर ती येत राहते.

एप्रिल 1969 मध्ये 'गेट बॅक' हे गाणे बाजारात आले. रेकॉर्डवर छापले होते, 'द बीटल्स, सोबत बिली प्रेस्टन'. एवढ्या मोठ्या बँडने साथीदाराचे नाव आपल्या नावाशेजारी छापले. तरी गाण्याचे लेखक म्हणून नावे राहिली ती लेनन आणि मॅकार्टनी यांचीच. बिलीचा पियानोचा तुकडा जगाने डोक्यावर घेतला, पण लेखनात तो धरला गेला नाही.

बिली तिथे थांबला नाही. त्याने स्वतःची गाणी केली. 1973 आणि 1974 साली त्याची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ब्रूस फिशरच्या जोडीने लिहिलेले 'यू आर सो ब्युटिफुल' जो कॉकरने गायले आणि ते घरोघरी पोहोचले. त्यावर लेखक म्हणून बिलीचे नाव आहे, आणि ते कोणी पुसू शकत नाही.

त्याचे पुढचे आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. कोकेनच्या व्यसनाने त्याला तुरुंग दाखवला. मूत्रपिंडे निकामी झाली. 2006 साली, एकोणसाठाव्या वर्षी, तो गेला. रॉक संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'ने त्याचा गौरव केला तो 2021 साली. त्या टाळ्या ऐकायला तो नव्हता.

गेल्या महिन्यात मुलीला एका रेकॉर्डिंगला बोलावले. गाण्याच्या सुरुवातीची धून तिनेच बसवली होती. मी विचारले, "नाव लावणार आहेत का?" ती म्हणाली, "मागितलं तर पुन्हा बोलावणार नाहीत, पप्पा."

मी तिला ती कॅसेट काढून दाखवली. कायद्याचेही सांगितले. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि वादक म्हणून आपले नाव दिले जावे, असे मागण्याचा हक्क वादकाला मिळाला. दुसऱ्या दिवशी तिने धीर करून विचारले. संयोजक म्हणाले, "नाव लावू. धुनेच्या पैशांचं नंतर बघू." पहिली गोष्ट तिने तिथेच कागदावर लिहून घेतली. दुसरीसाठी अजून भांडायचे आहे.

घरी आल्यावर आजीने तो कागद मोठ्याने वाचायला लावला. मग विचारले, "आडनावासकट लिहिलंय ना?"

बंधू-भगिनींनो, ढोलकी, पेटी, बँजो वाजवणारी मुले आपल्या घराघरांत आहेत. बिदागी ठरवताना नावाचेही ठरवून घ्यायला त्यांना शिकवा. आणि वाजवता वाजवता स्वतःचे काही सुचले, तर ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायलाही सांगा.